चिंध्यांच्या गाठींची दोरी

आईला मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जायची. महाडातल्या आमच्या घराची मोरी आणि संडास मागच्या अंगणात. वाटेत तीन पायऱ्या, पुढे कपडे धुवायचा दगड. मागच्या दारापासून मोरीच्या खांबापर्यंत तिने काथ्याची दोरी बांधून घेतली होती आणि तिला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या गाठी मारल्या होत्या. एक गाठ हाताला लागली की पायऱ्या, लागोपाठ दोन लागल्या की दगड. "माझं मी जाते रे. कुनाला हाक मारायला नको," म्हणायची. बिचारीला तेवढंच हवं होतं.

मी नुकताच कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. अंगात नुसती मिजास. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात, तेव्हा दरवर्षी आमच्याकडे मुंबईचे पाहुणे उतरायचे, घरभर अंथरुणं पडायची. त्या वर्षी एक साहेब बायकोला घेऊन यायचे होते, आणि मला ती मळकट दोरी डोळ्यांत खुपायला लागली. ते येण्याआधी, संध्याकाळी आई आत आल्यावर, मी ती सोडली आणि माळ्यावर टाकली. आईला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच नाही. ती नको म्हणाली असती.

सकाळी पाहुण्यांचा चहा चालला होता. मागे धप्पकन आवाज आला. आई दगडापाशी आडवी पडली होती आणि तिचा एक हात वर दोरी चाचपत होता.

साहेबांची बायको धावली. "मावशी, पडलात कशा?"

"दोरी मीच सोडली गो, धुवायला," आई म्हणाली. "परत बांधायची इसरले."

साहेब मला म्हणाले, "म्हातारी माणसं अशीच. तुम्ही लक्ष ठेवायला हवं."

मी हो म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मी मग लोखंडी पाईप आणून दारापासून मोरीपर्यंत पक्का बसवला, त्याला हिरवा रंगही दिला. शहाणपण सुचलं ते असं. आई पुढे दोन वर्षं जगली, ती अंथरुणावरच. दोरीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. भांडं द्यायला, पाणी द्यायला, कूस बदलायला, प्रत्येक वेळी तिला मला हाक मारावी लागायची. मी आलो की म्हणायची, "तुला फार तरास देते रे मी."