भरलेला तलाव, कोरडा झिरा

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी गावाने श्रमदान करून त्याचा बांध घातला, आणि अंगाची हळद उतरायच्या आत त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या. हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की त्या पाट्या मीच वाहिल्यासारखी माझी मान दुखते. तलावाचं काम एकच. पावसाचं पाणी अडवायचं आणि हळूहळू जमिनीत सोडून द्यायचं. माघ-फाल्गुनात तो आटायचा, पण तोवर पाणी खाली आमच्या विहिरीत उतरलेलं असायचं. त्यावर घर चालायचं आणि गोठ्यातल्या गाई जगायच्या.

मग डोंगरावर दगडाची खाण आली, पाठोपाठ खडीचा क्रशर आला. सुरुंग उडाला की फडताळातली भांडी वाजायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी बसायची, ती आम्ही बोटं मोडत झटकायचो. पावसात तीच भुकटी ओढ्याने तलावात जात होती. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

गेल्या चैत्रात तलाव चांगला निम्म्याच्या वर भरलेला राहिला. गाव हरखून गेलं. चैत्रात पाणी म्हणजे आमच्याकडे देवच पावला. तलाव भरून सांडला की बायका खणानारळाने त्याची ओटी भरतात, ती पावसाळ्यात. सासूबाईंनी ती चैत्रात पुन्हा भरायला लावली. "आमी घातल्याला बांद हाय, लई टिकलं पानी," म्हणून काठावर मिरवल्या. मीही ठेवणीतली साडी नेसून गेले आणि मोबाईलवर फोटो काढले.

त्याच महिन्यात विहिरीचा तळ दिसला. दिराने शेजारच्या बोअरला शिव्या घातल्या, नवऱ्याने मोटर खोलून पाहिली. तलावाचा संशय कुणालाच आला नाही, तो तर डोळ्यांसमोर भरलेला होता. तालुक्याला टँकर मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "तलाव भरलेला असताना टँकर कशाला?" मला असा संताप आला, वाटलं यांनाच त्या तलावातलं तांब्याभर पाजावं. गाईंना आम्ही तेच पाणी दाखवत होतो. दुधाळ, गढूळ. बादलीच्या तळाशी लगदा बसायचा. गाई तोंड लावायच्या आणि मान फिरवायच्या. त्यांचं दूध आटत चाललं होतं.

शेवटी नवरा म्हणाला, "काठाला झिरा खांदू. पानी लागलं तर गाई ऱ्हातील, न्हाई तर इकू." पाण्याच्या कडेला खड्डा केला की मातीतून गाळून स्वच्छ पाणी त्यात झिरपतं, तो झिरा. माहेरीसुद्धा आम्ही असंच पाणी भरायचो. खणलं की पाणी येणार, यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी हंडा घेऊनच गेले होते, सासूबाईही बरोबर आल्या होत्या.

वर राखाडी थर लागला, तिंबलेल्या कणकेसारखा चिकट. कुदळ त्यात रुतून बसायची. तो थर काढला तर खाली मुरूम, आणि मुरूम कोरडा ठणठणीत. शेजारी तलावाचं पाणी हेलकावत होतं आणि खड्ड्यातून धूळ उडत होती. दुपार टळेपर्यंत आम्ही बसून राहिलो. थेंब आला नाही. वर क्रशर चालूच होता.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. भुकटीने तलावाचा तळ लिंपून टाकला होता. म्हणून तो आटत नव्हता आणि म्हणूनच विहीर भरत नव्हती. आम्ही नटूनथटून त्याचाच आनंद केला होता. मला रडू आलं, आणि त्या डोंगराकडे बघून तोंडात येतील त्या शिव्याही मी दिल्या.

सासूबाई खाली बसल्या. राखाडी गोळा हातात घेऊन त्यांनी बोटांनी दाबून पाहिला.

"ह्याचीच वटी भरली व्हय गं आपुन?" त्या म्हणाल्या.

नवऱ्याने तलावाच्या पाण्यात कुदळ धुतली, हात पुसले आणि गाईंसाठी टेम्पो सांगायला फोन लावला.