बाविसावं अक्षर

ऑफिसात तिला आम्ही चाळणीबाई म्हणायचो, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पेशींमध्ये प्रथिनं बनवणारे चिमुकले कारखाने असतात. त्यांच्या एका लहानशा भागाची रचना अक्षरांत लिहून ती बुरशीपासून माणसापर्यंत हजारो जीवांच्या ओळी एकाखाली एक लावायची. बाविसावं अक्षर सगळीकडे तेच. कुठे वेगळं दिसलं की फणकारायची, "नमुन्यातली अक्षरं वाचणाऱ्याने घाण केलीय!" आणि ती ओळच उडवायची, नोंदसुद्धा न ठेवता. अकरा वर्षं हेच चाललं होतं. यादी स्वच्छ म्हणून कौतुक करणारे आम्हीच.

सोमवारी तिला तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बहिणीच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगात रक्तच धड तयार होत नव्हतं. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तेच बाविसावं अक्षर बदललेलं निघालं. "ताई, तुझंच काम ना हे? असं अक्षर घेऊन कुणी जगलंय का, एवढंच बघ."

तीन दिवस ती धड जेवली नाही. यादी वरून खाली, खालून वर पाहत राहिली. शेवटी माझ्याकडे वळली.

"एकही नाही गं," ती म्हणाली. "मी एकही ठेवला नाही."