वीसपर्यंत मोजायची पद्धत

बावीस वर्षं आगीच्या बंबावर काढली, पण लोकांच्या तोंडी तो राहिला घंटीवाला म्हणूनच. गुडघा कामातून गेला तेव्हा त्याला शिडीवरून उतरवलं आणि आगी लागूच नयेत म्हणून घरोघर फिरायच्या कामाला जुंपलं. वायरींची भेंडोळी बघून कपाळाला आठ्या घालायच्या, शेगडीजवळचा पडदा सरकवायला लावायचा आणि छताला धुराची घंटी बसवून द्यायची. घंटी म्हणजे बशीएवढी पांढरी डबी. धूर लागला की किंचाळते. दुसऱ्या दिवशी लोक तिचा सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घालायचे, ते सोडा.

"आग लागायच्या आधीच विझवतोस म्हणे," बंबाचा ड्रायव्हर त्याला चिडवायचा. दोघं एकाच वर्षी भरती झालेले. "ना भिजायचं, ना भाजायचं. चंगळ आहे लेका!"

चंगळ कसली! महिन्याला दोनशे घरं झालीच पाहिजेत असा वरून हुकूम, आणि निम्मी दारं उघडायचीच नाहीत. पहिल्या वर्षी त्याच्या नाकी नऊ आले. मग त्यानंच तोडगा काढला. बेल दाबायची, मनात वीसपर्यंत मोजायचं, कोणी आलं नाही तर 'आम्ही येऊन गेलो' असं छापलेलं कार्ड दाराखालून सरकवायचं आणि यादीत भेट झाल्याची खूण करायची. साहेब असे खूश झाले की भर बैठकीत त्याला उभं केलं, पाठ थोपटली आणि ही पद्धत विभागातल्या सगळ्या अग्निशमन केंद्रांना शिकवली. घरी येऊन त्यानं बायकोला हे चारदा तरी सांगितलं असेल.

तीन वर्षं असंच चाललं. मग एका मंगळवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरचं टोकाचं घर पेटलं. आत एकटी म्हातारी. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले तिनं. इस्त्री चालू राहिली आणि ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली. बंबाला पोचायला आठ मिनिटांची मुदत, तो सातव्यालाच पोचला. पण धुरानं आपलं काम आधीच उरकलं होतं.

आग कशानं लागली ते लिहायला दुसऱ्या दिवशी घंटीवाल्याला पाठवलं. भिंती काळ्याठिक्कर, शिलाई मशीनचा नुसता सांगाडा. त्याची नजर आधी छताकडे गेली. घंटी नव्हती. खिशातली यादी काढून बघितली, तर या घरापुढे तीन वर्षांच्या तीन खुणा. तिन्ही त्याच्याच हातच्या.

दारामागच्या फळीवर बटणांचा पत्र्याचा डबा होता. तो उघडला तर बटणांवर त्याचीच तीन कार्डं. प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलेलं. पहिल्यावर, 'मी घरातच होते.' दुसऱ्यावर, 'चालायला वेळ लागतो. जरा थांबत जा.' तिसऱ्यावर, 'या वेळी कडीपर्यंत आले होते.' आल्यागेल्याला दाखवायला ठेवली असतील. पण दाखवणार कोणाला? दाराशी कोणी थांबेल तर ना.

आतल्या खोलीत तिची चालायची चौकट पडलेली होती, एक पाय वितळलेला. ती धरून तो म्हातारीच्या चालीनं पलंगापासून दारापर्यंत आला. मोजत आला. सत्तावन्न झाले.

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलला.

"आग काय तुम्ही लावलीत?" ती म्हणाली.

"घंटी तरी कुठं लावली?"

तिनं ताट उचललं.

सकाळी जुन्या याद्या चाळून, घंटी बसवल्याची नोंद कुठं नाही ते बघून, त्यानं तिन्ही वर्षं नुसत्या कार्डावर भागवलेली घरं वेगळी काढली. एकट्याच्याच याद्यांत पाचशे एकोणनव्वद निघाली. तो कागद आणि तीन कार्डं त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. "या खुणा खोडा साहेब. खोडल्याशिवाय ही घरं परत यादीवर यायची नाहीत. आणि अशी म्हातारी माणसं आणखी किती असतील, देव जाणे."

साहेबांनी कार्डं वाचली. तिन्ही. चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. घंटीवाल्यासाठी चहा मागवला.

"अहवाल छापायला गेलाय. भेटी शंभर टक्के, बंब वेळेत. वर्ष बंद झालं आता."

"तिचं तर झालंच बंद."

"हे बघ, तुझ्या पाचशे खोडल्या की बाकी केंद्रांच्याही खोडाव्या लागतील. आकडा निम्म्यावर येईल. वरचे म्हणतील, काम होत नसेल तर केंद्र कशाला ठेवायचं? मग बंब यायलाच वीस मिनिटं लागतील. ते चालेल तुला?"

चहा तसाच निवला. कार्डं साहेबांनी जपून फायलीत घातली, फाईल कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

अहवाल आला. चकचकीत कागद, पहिल्याच पानावर शंभराचा ठसठशीत आकडा. त्यात म्हातारीही होती, तिसऱ्यांदा मोजलेली. आठवड्याभरात घंटीवाल्याची बदली सामानाच्या खोलीत झाली. गुडघ्याला आराम म्हणून, असं कागदावर लिहिलं होतं. तिथं पाण्याचे होज गुंडाळायचे, हेल्मेटं पुसायची, मागेल त्याला मागेल ते काढून द्यायचं.

महिन्यानं ड्रायव्हर दारात उभा. त्याची कंबर गेलेली, म्हणून आता घरोघर फिरायचं काम त्याच्या गळ्यात.

"काय रे गुरू, कार्डं संपली. गठ्ठा काढ."

"एवढ्यात संपली?"

"मग! तुझीच पद्धत ना. मी तर पंधरालाच निघतो."

"शंभर मोजत जा," घंटीवाला म्हणाला. "ऐक माझं. मोजून शंभर."

ड्रायव्हर कंबर धरून हसला. "शंभर मोजत बसलो तर दोनशे घरं कोण करणार, तुझा सासरा? दे लवकर, खाली गाडी थांबलीय."

घंटीवाला फळीपाशी तसाच उभा राहिला. नाही दिला तर ड्रायव्हर साहेबांकडे जाईल, साहेब दुसऱ्याकडून काढून देतील. फार तर पाच मिनिटं उशीर होईल. त्यानं गठ्ठा काढला, वरची धूळ झटकली आणि वही पुढं सरकवली.

"सही कर इथं."