तबकडीतली टाळी

ऐंशीच्या दशकात, शाळेची प्रार्थना कॅसेटवर भरून घेण्यासाठी मी रत्नागिरीच्या बाजारातील एका दुकानात गेलो होतो. तेथे बुरोंडीचे एक निवृत्त खलाशीही एक गाणे कॅसेटवर भरून घ्यायला आले होते. नैवेद्याचे ताट धरावे तशी त्यांनी एक तबकडी दोन्ही हातांवर धरली होती. साठच्या दशकातील एका इंग्रज बँडची सुरुवातीची गाणी विलायतेत नुकतीच पुन्हा निघाली होती. बोटीवरच्या जुन्या सोबत्याने ती तबकडी त्यांना पाठवली होती.

"बोट विलायतेला लागली व्हती. ही गानी क्लबात लोकांम्होरं भरली, तवा मी थितंच व्हतो," ते म्हणाले. "गावात सगळी मला थापाड्या म्हनतात."

दुकानदाराने सुई टेकवली. माउथ ऑर्गन किंचाळला, रांगडा गळा गाऊ लागला आणि तबकडीतल्या श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. खलाशीकाकांनी डोळे मिटून मान पुढे काढली.

"काका, यात कोणीतरी बेताल शिरलाय," दुकानदार हसला.

खरेच, एक टाळी इतरांच्या आधी पडत होती. आपल्या भजनात टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडते. त्या संगीतात मात्र ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात.

"बेताल न्हाय रे, भजनातली हाय ती," खलाशी त्याच टाळीबरोबर टाळी देत म्हणाले. "माझीच."

दुकानदाराने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला नेली. मग त्याने आदराने विचारले, "कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काय भरू?"

"ह्येच गानं परत भर. आमच्या गावची मानसं एकदा ऐकून मानायची न्हाईत."