चिकटपट्टीची पेटी

वारा पडला होता. रस्त्यावर धुळीचा पडदा टांगल्यासारखा उभा. पेटीवाल्या मावशीनं दवाखान्याच्या ओट्यावर निळ्या पेटीत बर्फाच्या थैल्या दाबून भरल्या, मधोमध दोन डब्या ठेवल्या आणि झाकणावर चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे मारले. गारवा निसटू नये म्हणून ही तिची स्वतःची रीत.

कुठल्या लेकराचा हात-पाय अचानक लुळा पडला, हे हुडकत ती वस्त्या पालथ्या घाली. सापडलं की लागोपाठ दोन दिवस त्याची शी घ्यायची आणि गारेगार शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायची. पोलिओ आहे की नाही, ते तिथंच कळतं. लेक करवादायची, “आई, लोकांच्या पोरांची घाण वाहून मिळतं काय गं तुला?”

“तुझ्या पोरांचे पाय धड आहेत ना? ते मिळतं.”

या खेपेला शेवटच्या गल्लीतली एक चिमुरडी होती. पाय लुळा पडून दोन आठवडे होत आलेले. त्यानंतर विषाणू असला तरी हाती लागेलच असं नाही. आणि नाही लागला, तर गल्लीतली बाकी लेकरं वाऱ्यावर.

शहराला वाट एकच, आणि वाटेवर बंदूकवाल्यांचं नाकं. पेटी बघून तिथला दाढीवाला मागं सरला.

“एवढी चिकटपट्टी? काय फुटायचं आहे आत?”

“शी आहे रे बाबा. लेकराची.”

“थट्टा करतेस, म्हातारे? तूच उघड. आम्ही भिंतीमागं थांबतो.”

तिनं पट्टी कापली. एकानं वाकून हुंगलं. “आयला, खरंच की!” सगळे खिदळले. दाढीवाला हसला नाही. “साहेब बघेपर्यंत पेटी उघडीच राहील. हात लावलास तर गोळी.”

“झाकण तेवढं टाकू दे, भाऊ. बर्फ चाललाय.”

“चालू दे. तू कुठं चाललीयस?”

ऊन चढलं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. टणक थैल्या मऊ पडल्या, आत पाणी डुचमळायला लागलं. वेढे आपणच मारले, हे मावशीला आत टोचत राहिलं.

दुपारी साहेब आला. नाकाला रुमाल लावून डोकावला. “जा.”

आता जाऊन काय करणार? उन्हात तापलेला नमुना प्रयोगशाळा धरत नाही.

“परवा परत येते, साहेब. पट्टी न लावता. सोडाल?”

“परवा मी इथं असलो तर.”

ती थेट पोरीच्या घरी आली. मावशीचं तोंड बघूनच पोरीच्या आईनं कपाळाला हात लावला. “पुन्हा? मावशी, सासरे आधीच तणतणताहेत. गल्लीभर बोभाटा झालाय.”

“आजची एक, उद्याची एक. मग वेळच उरत नाही गं.”

पोर भिंतीला टेकून एकाच पायानं चटई ढकलत होती. आई तिच्याकडं बघत राहिली.

“बरं. पण आज तिनं काही केलंच नाही. कधी करेल, देव जाणे. बसावं लागेल.”

“बसते की. सकाळपासून तोच सराव झालाय.”

मावशीनं बाह्या सारल्या, आईपुढची शेंगांची टोपली ओढली आणि सोलायला बसली.