सायकलच्या अंतरावरचा विषय

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांचे पर्यावरणाचे प्रकल्पही आम्हा शिक्षकांत वाटून येत. कुठलाही वर्ग असो, निम्म्या मुलांचा विषय ठरलेला असायचा, पंचगंगेचे प्रदूषण. मी त्यांना एकच नियम सांगत असे. विषय असा घ्या, जिथे सायकलवरून जाऊन दिवेलागणीच्या आत घरी परत येता येईल. ध्रुवावरचा बर्फ नको, परदेशातलं जंगल नको. गल्लीतला गोठा घ्या, रंकाळ्याची एकच बाजू घ्या. जिथे पुन्हा पुन्हा जाता येतं, त्याच्याबद्दलच आपल्याला काही नवं सांगता येतं.

हा नियम एक दिवस माझ्याच आड येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरलीला यातलं बरंचसं ठाऊक आहे, कारण प्रकल्प तिचाच होता. धाकट्याला ठाऊक नाही. तो तेव्हा मागच्या सोफ्यावर उलटा पडून गेम खेळत असायचा. वाचता येत नसेल तर बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो अडखळेल, पण वाचेल.

रविवारी आमच्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तुमच्याकडे कॅनडात सकाळ असते, आणि तुमचा फोन येतो. अशाच एका रविवारी थोरली म्हणाली, "आज्जी, मला टॉपिक हवाय. पूर्ण वर्षाचा रिसर्च. मॅडम म्हणतात, कुणी दिलेला नको, स्वतः शोधलेला पाहिजे."

"मग मला कशाला विचारतेस?"

"शोधायला मदत चालते."

मला इतका आनंद झाला, की फोन ठेवल्यावर मी लगेच विचार करत बसले. पहिला विषय सुचला गुऱ्हाळाचा. उसाच्या रसाचा गूळ होताना तो नेमका कधी उतरवायचा हे कसं ठरवतात? दुसरा सुचला नृसिंहवाडीचा. पावसाळ्यात नदी चढत चढत दत्ताच्या देवळात येते. संगमाकाठची माणसं पाणी कसं ओळखतात? तिसरा होता शाहूवाडीकडच्या भाताच्या जुन्या वाणांचा. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते आणि तुमचे आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. ते मूळचे गडहिंग्लजकडचे. तिकडे कानडीचा शेजार आहे, म्हणून तुम्ही त्यांना आज्जा म्हणता. तो शब्द त्यांनीच तुम्हाला शिकवला.

"गुऱ्हाळं कवा चालत्यात?" त्यांनी पेपराआडून विचारलं.

"थंडीत. नाताळच्या सुट्टीत जमेल."

"आणि वाडीचं पाणी?"

"जुलैत. तेव्हा यांना मोठी सुट्टीच असते."

"आणि भात?"

"लावणी पाहायची तर तीही जुलैत."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू विषय शोधत न्हाईस. तिकीट शोधालीयास."

"तसं काही नाही. संशोधन आहे ते."

"व्हय, व्हय. पोरगीला शाहूवाडीच्या चिखलात उभी करा आणि म्हणा संशोधन."

तुम्ही शेवटचे आलात तेव्हा धाकटा बोबडं बोलत होता. त्यानंतर एका वर्षी थोरलीची परीक्षा होती, एका वर्षी बाबानं नोकरी बदलली, एका वर्षी घर बदललं, मग आईची सुट्टी जुळली नाही. प्रत्येक वर्षी कारण खरं होतं. एकही खोटं नव्हतं, त्यामुळे कुणावर रागावताही आलं नाही. वरची खोली मी झाडून ठेवते. तिथल्या न्हाणीघरातला गिझर दर बुधवारी अर्धा तास चालू करते, कारण वापर नसला की तो आतून गंजतो, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं. पाणी तापतं आणि परत गार होतं.

पुढच्या रविवारी मी तिन्ही विषय सांगितले. थोरलीनं नीट ऐकले. ती माझ्यासारखीच आहे, मध्ये बोलत नाही. बाबा मात्र पाठीमागून म्हणाला, "आई, पुराच्या दिवसांत मुलांना नदीकाठी आणू?" त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. गूळ आणि भात तिनं मॅडमना दाखवायचं ठरवलं. त्यांचं उत्तर तिनं मला इंग्रजीत वाचून दाखवलं. विषय छान आहेत, पण ज्या जागी तू वर्षातून एकदाही जाशील की नाही हे ठरलेलं नाही, तिथला विषय घेऊ नकोस. जिथे तुला पुन्हा पुन्हा जाता येईल, असा घे.

त्या बाईंना मी कधी भेटले नाही, पण त्या वाक्यात मला माझीच सायकल दिसली.

"बरोबर सांगितलंय त्यांनी," मी म्हणाले. शिक्षकाला दुसरं काय म्हणता येणार?

त्यानंतर काही रविवार विषयाचं नाव निघालं नाही. मग एकदा मी देवाजवळ दिवा लावत असताना फोन वाजला आणि आज्जांनी उचलला.

"हाय, आज्जा!" थोरली म्हणाली.

"हाय की," आज्जा म्हणाले.

ती थांबली. आज्जाही थांबले. मी दारातून पाहत होते. पडद्यावर तिचा चेहरा पुढचं ऐकायला थोडा वाकलेला.

"की काय, आज्जा?"

"काय की काय?"

"तू म्हणालास हाय की. की... काय?"

"काय न्हाय. हाय की. हितंच हाय. जातोय कुठं?"

मला हसू आवरेना. मग मी तिला समजावून सांगितलं. तिचा 'हाय' इंग्रजी होता आणि आज्जांचा 'हाय' म्हणजे 'आहे'. फोनवरून ती म्हणत होती नमस्कार, आणि आज्जा म्हणत होते, मी आहेच. हे तिला पटलं, पण 'की' पटेना. तिला ठाऊक असलेला की 'चहा की कॉफी'मधला. म्हणजे इतकी वर्षं आज्जा 'घे की', 'बस की' म्हणाले, तेव्हा ही पोर दुसरा पर्याय कोणता येतो त्याची वाट पाहत राहिली होती.

"हा की वेगळा," मी म्हणाले. "त्याला तसा अर्थ नाही गं. तोंडात बसलेला असतो, इतकंच."

"अर्थ नाही तर आज्जा इतक्या वेळा का म्हणतो?"

"अर्थ हाय की," आज्जा म्हणाले.

तुमच्या खोलीतली सकाळ एकदम हसली. धाकट्यानंही गेम थांबवून विचारलं, काय झालं.

आणि तोच तिचा विषय ठरला. कोल्हापुरी बोलण्यातला 'की'. मॅडमनी एका दिवसात होकार दिला. माहिती देणारी माणसं घरचीच, फोनच्या एका बटणावर. कॅनडातून सायकलच्या अंतरावर असलेला कोल्हापूरचा तेवढाच एक विषय होता. त्याला गुऱ्हाळ लागत नव्हतं, नदी लागत नव्हती, तिकीटही लागत नव्हतं.

"गेलं तुझं तिकीट," फोन ठेवल्यावर आज्जा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून जरा हळू म्हणाले, "दर रविवारी तासभर बोलंल की. ते काय कमी हाय?"

कमी नव्हतं. ते रविवार मला अजून आठवतात. थोरली रेकॉर्डिंग सुरू करायची आणि आज्जा एकदम ताठ बसायचे.

"आज्जा, चहा झाला का?"

"होय. मी आत्ताच चहा घेतला आहे."

"आज्जा, तू बातम्या सांगतोयस."

"मग? कॅनडाच्या शाळंत जाणार हाय न्हवं हे? नीट नको बोलाय?"

"नीट नको. तुझ्यासारखं बोल."

"तुझ्या आज्जीनं पस्तीस-चाळीस वर्सं नीट बोल नीट बोल म्हणून माझं डोस्कं खाल्लं. आणि आता नात म्हणती, नीट बोलू नगं."

शेवटी तिनं युक्ती केली. ती अभ्यास म्हणून काही विचारायचीच नाही. इकडचं तिकडचं बोलता बोलता मध्येच सहज म्हणायची, "तुला भूक नाही लागली का?" आज्जा बेसावधपणे म्हणायचे, "लागलीया की. तुझी आज्जी वाढंल तवा." की लगेच ती म्हणायची, "थँक्यू, हा घेतला." आज्जा कपाळाला हात लावत. "लबाड हाय पोरगी. कुणावर गेलीया हे सांगाय नगं."

हळूहळू तिनं त्या 'की'चे प्रकार लावले. 'हाय की' म्हणजे अर्थातच आहे, विचारायचं काय त्यात. 'बस की' म्हणजे आग्रह. 'सांगितलं हुतं की' म्हणजे तक्रार, आणि तीही बहुतेक माझ्याबद्दल. तिनं लिहिलेली पानं ती मला वाचून दाखवायची आणि मी तिचे स्वल्पविराम सुधारायचे. एका पानावर माझाही उल्लेख होता. 'माझी आजी कोल्हापूरचीच असून इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, ती हा शब्द वापरत नाही.'

वाक्य बरोबर होतं. माझ्या आईनं घरात 'की' येऊ दिला नव्हता. आम्ही 'चल की' म्हटलं तर ती म्हणायची, "चल म्हणावं. मागं शेपटी कशाला?" शाळेत तर मराठीच चालत नसे. त्यामुळे इतकी वर्षं कोल्हापुरात राहून, गडहिंग्लजच्या माणसाबरोबर संसार करून, तो माझ्या जिभेवर आला नाही. तरी ते वाक्य ऐकताना असं वाटलं, की घरात सगळे जेवायला बसलेत आणि मी वाढतेय.

मार्च संपत आला होता. आज्जा भाच्याच्या लग्नाला एसटीनं गडहिंग्लजला गेले होते, म्हणून त्या रविवारी फोनवर मी एकटीच होते. थोरलीही एकटीच दिसत होती. आम्ही तुमच्याकडच्या बर्फाबद्दल बोललो, तिच्या दुखऱ्या दाढेबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "आज्जी, जुलैमध्ये मी एकटीच येऊ का तुझ्याकडे?"

"ये की," मी म्हणाले.

किती पटकन म्हणाले. वरच्या खोलीतली चादर, तिच्या दाढेला चालेल असा मऊ भात, पुण्याहून आणायला कोण जाईल, हे सगळं त्या दोन अक्षरांच्या आधीच मनात येऊन गेलं होतं.

मग तिचे डोळे मोठे झाले. "आज्जी, तू म्हणालीस."

"काय म्हणाले?"

"की. तू कधीच म्हणत नाहीस. मी फक्त बघत होते, म्हणतेस का."

तेव्हा मला कळलं. आज्जांना जसा भुकेचा प्रश्न, तसा हा मला.

"म्हणजे प्रश्न अभ्यासाचा होता," मी म्हणाले.

तिला माझ्या आवाजात काहीतरी ऐकू आलं असावं. ती समंजस आहे. "सॉरी आज्जी," ती म्हणाली. "मी असं विचारायला नको होतं. हा लिहू की नको?"

"लिही. चांगलं उदाहरण आहे."

"कुठल्या प्रकारात घालू? अर्थातच की आग्रह?"

"ते तू ठरव. संशोधन तुझं आहे."

यापलीकडे आम्ही त्यावर बोललो नाही. बाबा उठून आला, मग दाढेच्या डॉक्टरांविषयी बोलणं झालं आणि फोन संपला. आज्जा लग्नाहून परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, कारण त्यांना सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही. त्यांनी लग्नातला बुंदीचा लाडू पुढे केला.

मे महिन्यात तिचा पूर्ण प्रकल्प ईमेलवर आला. झेरॉक्सच्या दुकानातून मी त्याची प्रत काढून आणली आणि दोन दिवसांत वाचली. काम उत्तम आहे. आग्रहाच्या प्रकरणात शेवटचं उदाहरण माझं होतं. 'ये की', आणि त्यासमोर इंग्रजीत 'डू कम'. खाली बारीक अक्षरात टीप होती, की या बोलणाऱ्या व्यक्तीनं वर्षभरात हा शब्द फक्त एकदा वापरला.

'डू कम' बरोबर आहे. मी पेपर तपासत असते तर पूर्ण गुण दिले असते. पण डू कम कुणालाही म्हणता येतं. दारावर आलेल्या पाहुण्याला, नव्या शेजारणीला. 'ये की' म्हणजे तुला हे विचारायची गरज का पडावी, असं काहीतरी. आणि या की नंतर दुसरा पर्याय येत नाही, थोरले. तू पहिल्या दिवशी थांबली होतीस तशी कितीही थांबलीस तरी येत नाही. हे मी तेव्हा फोनवर सांगायला हवं होतं, पण ते वाक्य मला आता लिहिताना सापडलं.

वाचून झालं तो सोमवार होता. मी प्रत कपाटात नीट ठेवली आणि बुधवारची वाट न पाहता वर जाऊन गिझर लावला. खाली आले तर आज्जा जिन्याशी उभे. तुमच्या बाबाला लिहायला येत नव्हतं तेव्हापासून त्यांना माझे कामांचे वार पाठ आहेत.

"आज सोमवार हाय," ते म्हणाले.

"असू दे की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एकदाच म्हणती असं छापलंय न्हवं पोरीनं?"

"हो."

"मग चुकलं की तिचं," आज्जा म्हणाले. "बोलावून घे तिला दुरुस्तीला."