न बघता टंकलेली साक्ष

आमच्या कोर्टातल्या लिपिक नेबाहत हानमना, म्हणजे नेबाहतबाईंना, कळांकडे बघून टंकताना कोणी कधी पाहिलं नाही. मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईंनी टाइपरायटरवर फडकं टाकून त्यांना शिकवलं होतं, आणि तेही कळांच्या जुन्या तुर्की एफ मांडणीवर. डाव्या कोपऱ्यातली पहिली कळ एफ, म्हणून ते नाव. दुकानदार आणि पोरंटोरं वापरतात तो क्यू. एफ राहिला तो जुन्या कारकुनांकडे. कोर्टात नवे संगणक आले ते क्यूच्या छापाचे. हानमनी आतून एफ लावून घेतला आणि कामाला लागल्या. कळांवर काय छापलंय याच्याशी त्यांना काय करायचं होतं?

मात्र डावीकडच्या दोन कळा चुकून एकदम दाबल्या गेल्या, की एफ जाऊन क्यू येतो आणि पडद्यावर अक्षरांची नुसती खिचडी होते. कुठल्या ना कुठल्या खोलीतून आरोळी यायचीच, "क्यू झाला!" पडद्याकडे नजर टाकायची, त्याच दोन कळा पुन्हा दाबायच्या, की एफ परत.

नेमकी नजरच हानमना टाकता येत नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून नजरेच्या मधोमध राखाडी डाग बसला होता. माणसं कडेकडेनं दिसत, अक्षरं नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले होते. नवरा वारलेला, मुलगी अंकाऱ्यात शिकणारी, पेन्शन अजून लांब. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्या गप्प राहिल्या. सुनावणी सुरू होताना एक ओळ टंकायच्या आणि पुकारा करणाऱ्या साफेत एफेंदींना म्हणायच्या, "वाचा बरं, खटल्याचा नंबर नीट पडलाय का?" साफेतनं वाचलं, की एफ जागेवर असल्याची खात्री. हे चूकच होतं, पण पगार थांबला तर घर कसं चालणार हेही त्यांनाच बघायचं होतं.

त्या दिवशी साफेत दाराशी याशारकाकांना सावरत होता. काका खाणीतले जुने कामगार. फुप्फुसात आयुष्यभराचा कोळसा, नाकाला नळी. झोंगुलदाकच्या इस्पितळातून अँब्युलन्सनं आणलं होतं. खटला गुलिझारचा होता. तिचा नवरा खाणीत दरड कोसळून मेला होता, आणि मालकाचं म्हणणं, बंद बोगद्यात तो आपल्या मनानं शिरला. खरं काय ते पाहिलेला हा एकच म्हातारा उरला होता.

"बोलतील तसंच टंका," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्यांना दोनदा बोलायला लावायचं नाही."

त्या घाईत ओळ वाचून घ्यायची राहून गेली.

"फोरमननं पाठवलं," काका धापा टाकत म्हणाले. "मी तिथंच होतो. पोरगा म्हणाला, उस्ताद, आत टेकू नाहीत. फोरमन म्हणाला, आत जा, नाहीतर घरी जा."

गुलिझारनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरलं. सगळ्यांचे डोळे काकांवर होते. हानमची बोटं त्यांच्या श्वासामागून धावत होती. काका बोलत राहिले, मग ढास लागली, ओठ निळे पडले. नर्सनं खुर्ची फिरवली. "पुरे आता. यांच्यात त्राण नाही." पुढच्या तारखेला ते येतील असं कोणालाच वाटलं नाही.

मालकाचे वकील तेकिन बे आपल्यासमोरच्या पडद्याकडे वळले आणि न्यायाधीशबाईंना म्हणाले, "हाकिम हानम, हे काय आहे? एक शब्द लागत नाही."

"क्यू झाला!" साफेत सवयीनं ओरडला.

ओळ वाचून घ्यायची राहिली, हे हानमना तेव्हा आठवलं.

"नोंदीत नाही ते बोललंच गेलं नाही," तेकिन बे म्हणाले. "हा कायदा काही मी केलेला नाही."

"बोलले ना आत्ता!" गुलिझार किंचाळली. "सगळ्यांनी ऐकलं की!"



यंत्र बिघडलं, एवढं म्हटलं असतं तरी हानम सुटल्या असत्या. कोणी त्यांना दोष दिला नसता. पुढची तारीख पडली असती, आणि काका त्याआधीच गेले असते. ते दोन शब्द त्यांच्या ओठांवर आलेही. मग त्या उभ्या राहिल्या.

"साक्ष गेलेली नाही. बोटं बरोबर पडलीत. आता एफ परत लावायचा. पडद्यावर जे अक्षर दिसतं तेच छापलेली कळ शोधून दाबायची. खरं अक्षर उमटेल."

"मग बसा की लगेच! अँब्युलन्स थांबवते मी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. हानम जागच्या हलल्या नाहीत. "काय झालं?"

"दुसऱ्या कोणाला बसवा. मला पडदा दिसत नाही."

"चष्मा विसरलात?"

"चष्म्यानं भागत नाही आता, हाकिम हानम. हिवाळ्यापासून."

साफेत हानमच्या खुर्चीत बसला आणि एका बोटानं, कोंबडीनं दाणे टिपावेत तसा, कळा शोधू लागला. "म्हणून मला रोज वाचायला लावत होतात होय," तो पुटपुटला. "मी समजत होतो, माझं वाचन कच्चं म्हणून." तेकिन बे मागे उभे राहून एकेक अक्षर ताडून बघत होते. पहिली ओळ उमटली, 'फोरमननं पाठवलं', आणि गुलिझार बाकावर मटकन बसून रडायला लागली.

न्यायाधीशबाईंनी कागद अँब्युलन्समध्ये जाऊन वाचून दाखवला. काकांनी सही केली.

न्यायाधीशबाई परत आल्या. "हे असं का करावं लागलं, ते नोंदवावं लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नाहीतर उद्या ही साक्ष उडवून लावतील. टंकायला दुसऱ्या कोणाला बोलावू?"

"नको. माझं काम आहे." हानम आपल्या खुर्चीत बसल्या.

"एफ आहे," साफेत म्हणाला.

"लिपिक नेबाहत यांनी सांगितलं," बाईंनी सांगायला सुरुवात केली, "की त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत."

बोटं एकदाच अडखळली. मग नेहमीच्या वेगानं ओळ पुरी झाली.

"वाचा, साफेत एफेंदी. नीट पडलंय का?"

साफेतनं ओळ मनातल्या मनात वाचली. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना 'हानम'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"एकही चूक नाही, ताई," तो म्हणाला.